कर्ता आणि करण

साधनांची निवड हा नीतिशास्त्राचा विषय आहे असें म्हटलें तर पुष्कळांस तें चमत्कारिक वाटेल. हेतु चांगला कीं वाईट, कृत्य न्याय्य कीं अन्याय्य, फळ हितकर कीं अहितकर, हे नीतीचे खरे प्रश्न. पण सुतारानें कोणता रंधा घ्यावा किंवा शिंप्यानें कोणती कातर घ्यावी हा प्रश्न सोयीचा आणि पैशाचा, त्यांत नीतीचा संबंध कोठें येतो, असेंच सामान्यतः समजलें जातें. रंध्यापुरतें व कातरीपुरतें हें म्हणणें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या साधनाच्या हातीं मनुष्य आपले श्रमच नव्हे तर आपला निर्णयही सोंपवितो, त्या साधनाची निवड केवळ सोयीची बाब राहत नाहीं, असें आमचें मत आहे. आणि तें मत एका अगदीं रोकड्या, कारखान्यांतल्या उदाहरणावर घांसून पाहावें असा या लेखाचा हेतु आहे.

उदाहरण असें. पुण्याजवळ भोसरीस, कोल्हापुराजवळ शिरोलीस किंवा नाशकास सातपुरांत जे लहान लहान यंत्रकारखाने आहेत, त्यांपैकीं एखाद्याच्या मालकास ॲल्युमिनियमचे भाग कापून देण्याचें काम मिळतें. त्याच्याजवळ संगणकाच्या हुकुमानें चालणारें यंत्र आहे; कारखान्यांत त्याला सीएनसी किंवा व्हीएमसी म्हणतात. हें यंत्र आपण होऊन कांहींच ठरवीत नाहीं. फिरणारें हत्यार कोठून कोठें, किती खोल आणि किती वेगानें न्यावें, याचा एकेक हुकूम त्याला अंकांत लिहून द्यावा लागतो. हत्याराच्या या वाटेस टूलपाथ म्हणतात, आणि भागाच्या आकृतीवरून ही वाट आंखून देणारीं सॉफ्टवेअरें बाजारांत अनेक आहेत: कांहीं मोठी किंमत देऊन विकत घेण्याचीं, कांहीं वर्षाच्या भाड्यानें मिळणारीं, तर कांहीं फुकट. यांतलें कोणतें घ्यावें, हा त्या मालकापुढें प्रश्न.

ज्या वाचकांनीं असें यंत्र पाहिलें नसेल त्यांनीं नांगर डोळ्यांपुढें आणावा. शेत चौकोनी असो कीं वांकडेंतिकडें असो, नांगराचे तास कसे काढावे, वळण कोठें घ्यावें, बांधाजवळ किती अंतर सोडावें, हें शेतकऱ्यास आधीं ठरवावें लागतें. जमीन तीच, नांगर तोच, बैल तेच. पण तासांची आंखणी चुकली तर बैल दमतात, कोपरे राहून जातात आणि प्रसंगीं फाळ मोडतो. धातूच्या ठोकळ्यांत खळगा कोरणें हें असेंच नांगरणें आहे. मात्र येथें फाळ मिनिटास नऊ-दहा हजार फेरे घेत असतो, आणि चुकीचा झटका सांवरावयास क्षणाचीही सवड नसते.

ॲल्युमिनियम हा धातु वरवर पाहतां फार गरीब. वजनानें तो पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश, आणि कापावयास पुष्कळच मऊ. परंतु ज्यांनीं तो कापला आहे ते जाणतात कीं, त्याचा मऊपणा हीच त्याची खोडी आहे. तो ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतो, आणि त्याच्या कितीतरी आधींच, धारेशीं उष्णता व दाब वाढला कीं, हत्याराला चिकटूं लागतो. मग धार बोथट होते, कीस बाहेर पडत नाहीं, निघालेलाच कीस पुन्हां कापला जातो, आणि पाहतां पाहतां खांचा भरून हत्यार मोडतें. म्हणून पोलादासाठीं चार धारांचें हत्यार वापरणारा कारागीर येथें दोन किंवा तीन धारांचें घेतो, कीं किसाला निघून जावयास जागा राहावी. आणि ज्या लेपांत ॲल्युमिनियम मिसळलेलें आहे असा लेप दिलेलें हत्यार टाळतो, कारण तेथें कीस अधिकच चिकटतो. वेगाचें गणित त्या मानानें सोपें आहे. १० मिलिमीटर व्यासाच्या हत्याराची धार मिनिटाला ३०० मीटर वेगानें धातु कापीत जावी असें ठरविलें, तर हत्यारास मिनिटाला सुमारें ९,५५० फेरे घ्यावे लागतात. त्याला तीन धारा असल्या आणि प्रत्येक धारेनें ०.०८ मिलिमीटरचा घास घ्यावयाचा असला, तर तें मिनिटाला सुमारें २,३०० मिलिमीटर पुढें सरकलें पाहिजे.

इतका हिशेब शाळेंतला मुलगाही करील. खरी अडचण कोपऱ्यांत आहे. सरळ जाणारें हत्यार आपल्या व्यासाच्या एकदशांश रुंदीचा पट्टा कापीत असेल तर त्याच्या परिघाचा सुमारें ३७ अंशांचा भाग धातूंत गुंतलेला असतो. तेंच हत्यार काटकोनी कोपऱ्यांत शिरलें कीं गुंतलेला भाग एकाएकीं सुमारें १२७ अंशांपर्यंत जातो. हुकूम तोच, वेग तोच. गुंतवण मात्र तिपटीहून अधिक. हातानें चाक फिरविणारा जुना कारागीर हें कानानें ओळखी. आवाज बदलला कीं त्याचा हात आपोआप सैल पडे. अंकांवर चालणाऱ्या साध्या यंत्रास कान नाहींत. म्हणून जेथें वाट नुसती खळग्याच्या कडेस समांतर आंखलेली असे, तेथें शहाणा प्रोग्रामर एका कोपऱ्याच्या भीतीनें सगळें काम हळू चालवी.

गेल्या कांहीं दशकांत प्रचारांत आलेल्या नव्या पद्धतींत ही भीति बव्हंशीं गेली आहे. हत्याराची गुंतवण सर्वत्र जवळजवळ सारखी राहील अशी वाट सॉफ्टवेअरच हिशेब करून काढतें. कोपऱ्यांत तें हत्यारास लहान लहान वळशांनीं, थोडथोडें कुरतडीत नेतें. त्यामुळें धारेची बरीचशी लांबी कामीं लावतां येते, वेग वाढवितां येतो, आणि हत्यारही टिकतें. आणखी असें कीं, एकदशांश रुंदीच्या पट्ट्यांत निघणारा कीस ठरविलेल्या घासाच्या सुमारें सहादशांश इतकाच जाड असतो, म्हणून पुढें सरकण्याची गति त्या प्रमाणांत वाढवावी लागते. हें ज्यास ठाऊक नाहीं तो सावधपणाच्या समजुतीनें हत्यार हळू चालवितो, आणि तें कापण्याऐवजीं नुसतें घांसत राहून झिजतें. अशा वाटा मनुष्यानें कागदावर मांडावयाच्या म्हटल्या तर हजारों बिंदूंचा हिशेब करावा लागेल. या कामीं सॉफ्टवेअर मनुष्याहून सरस आहे हें कबूल न करणें हा अप्रामाणिकपणा होय. हातानें केलेलें तेवढें पवित्र आणि यंत्रानें केलेलें तेवढें हीन, ही भावना आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षितांस प्रिय आहे. पण ती बाळगणारांनीं आपलीं धोतरें व पातळें कोणत्या मागावर विणलेलीं आहेत हें एकदां पाहावें.

मग प्रश्न उरतो तो कोणता? आमच्या नैयायिकांनीं घट कसा उत्पन्न होतो याचें जें विवेचन केलें आहे तें येथें उपयोगी पडतें. माती हें समवायी कारण. कुंभार आणि त्याचा दंड हीं दोन्ही निमित्तकारणें; पण कुंभार हा कर्ता आणि दंड हें करण. दोघांत भेद काय? कर्ता तो, ज्याच्या ठिकाणीं त्या वस्तूच्या उपादानाचें ज्ञान, ती करण्याची इच्छा आणि तदनुकूल प्रयत्न हीं तिन्ही आहेत. दंडाच्या ठिकाणीं यांपैकीं एकही नाहीं. हा विभाग शेंकडों वर्षें पुरला, कारण तोंवर माणसाचीं सर्व हत्यारें दंडाच्याच जातीचीं होतीं. आज मात्र असें हत्यार निघालें आहे कीं, इच्छा मालकाची, प्रयत्न बव्हंशीं यंत्राचा, आणि ज्ञान, म्हणजे अमुक धातूंत अमुक हत्यार कसें न्यावें याचें ज्ञान, सॉफ्टवेअरच्या पोटांत. कर्तेपणाचीं तीन अंगें तीन ठिकाणीं वांटलीं गेलीं. तेव्हां हा भाग कोणीं केला असें विचारलें असतां बोट कोणाकडे दाखवावयाचें?

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. भाग नीट निघाला म्हणजे पुरे. परंतु भाग नीट निघाला नाहीं म्हणजे काय? समजा, ॲल्युमिनियमचा एक आधार मोटारींत बसावयाचा आहे, आणि त्याच्या आंतल्या कोपऱ्यांत हत्यार थरथरल्यामुळें बारीक खांच राहिली. डोळ्यांस ती क्षुल्लक दिसते. पण पुनःपुन्हां ताण बसणाऱ्या भागांत चीर सुरू होण्यास अशीच खांच निमित्त होते. उद्यां तो आधार रस्त्यावर तुटला तर उत्तर कोणीं द्यावयाचें? 'सॉफ्टवेअरनेंच वाट तशी काढली' हें उत्तर कोणताही विचारी मनुष्य स्वीकारणार नाहीं. आणि स्वतः सॉफ्टवेअर करणारा तर मुळींच स्वीकारणार नाहीं. कारण परवान्याच्या ज्या लांबलचक करारनाम्याखालीं आपण न वाचतां संमति देतों, त्यांत बहुधा परिणामांची जबाबदारी आपल्यावर नाहीं, किंवा अगदीं मर्यादित आहे, असें त्यानें आधींच लिहून ठेवलेलें असतें. ज्यानें ती घेतलेलीच नाहीं त्याच्यावर जबाबदारी टाकतां येत नाहीं. ती फिरून वापरणाऱ्याकडेच येते. म्हणजे ज्ञान परक्याच्या घरीं आणि उत्तरदायित्व मात्र आपल्या घरीं, अशी स्थिति होते. हीच आम्हांस नैतिक अडचण वाटते. ज्या कृत्याचें आपणांस ज्ञान नाहीं त्याबद्दल उत्तर देण्याचें पत्करणें हें खोटी सही करण्यासारखें आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव अशीं पांच कारणें सांगितलीं आहेत, आणि जो केवळ आपणांसच कर्ता समजतो त्याची समजूत अपुरी ठरविली आहे. कारागिराचा अहंकार उतरविण्यास हें पुरेसें आहे. परंतु पांचांत करणाची गणना झाली म्हणून कर्त्याचें नांव यादींतून खोडलें गेलें असें नाहीं. सर्व मींच केलें हा एक प्रमाद. सर्व यंत्रानें केलें, मी केवळ बटण दाबलें, हा दुसरा. पहिल्या प्रमादाचीं माणसें आतां विरळ होत चाललीं आहेत. दुसऱ्याचीं वाढत आहेत.

हा प्रश्न या यंत्रांच्या जन्मापासूनच त्यांच्याबरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक साधण्याच्या खटपटींतून मिशिगनमधील जॉन पार्सन्स यास अंकांच्या साहाय्यानें हत्यार हलविण्याची कल्पना सुचली, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १९५२ मध्यें असें यंत्र लोकांस चालवून दाखविलें. पुढें त्याच संस्थेंत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखालीं, हत्याराची वाट शब्दांत सांगण्याची 'एपीटी' नांवाची भाषा सिद्ध झाली. आणि फेब्रुवारी १९५९ मध्यें ती जाहीर करतांना जमलेल्या मंडळीस त्या पद्धतीनें कापलेली ॲल्युमिनियमची एकेक राखदाणी भेट देण्यांत आली. परंतु त्याच सुमारास दुसरीही एक पद्धति उपलब्ध होती. कुशल कारागिरानें पहिला भाग स्वतः कापावयाचा, त्या वेळच्या हालचाली फितीवर नोंदवावयाच्या, आणि पुढचे भाग यंत्रानें ती फीत वाचून काढावयाचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४० नंतरच्या दशकांत ही पद्धति तयार केलीही होती. ती मागें कां पडली याची चिकित्सा डेव्हिड नोबल या इतिहासकारानें १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथांत केली आहे. कामावरचा ताबा कारागिराच्या हातून काढून कचेरीकडे नेण्याची व्यवस्थापकांची इच्छा हें एक मोठें कारण होतें, असा त्याचा निष्कर्ष. त्यावर असें म्हणतां येईल कीं, जो वक्र आकार हातानें मुळीं साधतच नाहीं त्याची फीत तरी कशी करावी? हा आक्षेप वजनदार आहे, आणि नोबलची सगळी उपपत्ति मान्य केलीच पाहिजे असें नाहीं. तथापि एवढें त्यावरून निर्विवाद दिसतें कीं, मार्ग दोन होते. एकांत ज्ञानाचें मूळ कारागिराच्या हातांत राहत होतें, दुसऱ्यांत तें अन्यत्र जात होतें. आणि निवड मनुष्यांनीं केली, लोखंडानें नव्हे.

आतां आमच्या भोसरीच्या मालकाकडे वळूं. त्यानें मुळाशीं कोणता प्रश्न विचारावा? 'कोणतें सॉफ्टवेअर माझ्यासाठीं सर्वांत अधिक करील?' हा प्रश्न त्याला विक्रेता शिकवितो. आमच्या मतें त्यानें असें विचारावें: 'यानें सगळें केल्यावरही त्या कामाबद्दल उत्तर देण्यास मी समर्थ राहीन काय?' यासाठीं सॉफ्टवेअरच्या आंतील गणित त्यास आलें पाहिजे असें नाहीं. प्लेटोनें 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागांत म्हटलें आहे कीं, बांसरी चांगली कीं वाईट हें वाजविणारा जाणतो, करणारा त्याच्याकडून ऐकून घेतो. वाजविणाऱ्यास बांसरी करतां आली नाहीं तरी चालेल, पण बेसूर कळला पाहिजे. तेवढें ज्ञान त्याच्यापाशीं उरतें कीं नाहीं, हें पाहण्याच्या तीन कसोट्या आम्हांस दिसतात.

पहिली कसोटी वाचनाची. सॉफ्टवेअर कितीही मोठें असो, यंत्राला शेवटीं जातात ते साधे हुकूम: जी०० म्हणजे हवेंतून झटकन जा, जी०१ म्हणजे ठरल्या वेगानें कापीत सरळ जा, जी०२ व जी०३ म्हणजे वर्तुळाकार वळा. १९८२ च्या आयएसओ ६९८३ या मानकानें ही लिपि आंतरराष्ट्रीय झाली, आणि आजही ती वाचतां येते. हजारों ओळी कोणी वाचीत नाहीं, वाचूं नयेत. परंतु पहिलें हत्यार कोणतें, फेरे किती, पहिल्यानें खालीं किती उतरावयाचें, आणि हवेंतून जाणारी पहिली झेप कोठून कोठें, इतकें वाचणारा एक तरी मनुष्य कारखान्यांत असावा. पडद्यावर दिसणारें कापण्याचें चित्र हें वाचनाची जागा घेऊं शकत नाहीं. सॉफ्टवेअरला जें सांगितलें तेवढ्याचेंच तें चित्र. ठोकळा धरणारी पकड त्यास सांगावयाची राहिली असली तर पडद्यावर हत्यार निर्विघ्न जातें आणि यंत्रांत तें पकडीवर आदळतें. जें सॉफ्टवेअर आपले निर्णय उघड मांडतें व बदलूं देतें तें स्वीकारावें; जें केवळ 'विश्वास ठेवा' म्हणतें त्याविषयीं सावध असावें.

दुसरी कसोटी शिकणाऱ्याची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलाच्या हातीं आरंभीं कानस देण्याची चाल आहे. पुढें जन्मभर तो कानस चालवीत बसणार म्हणून नव्हे. धातु म्हणजे काय हें हाताला कळावें म्हणून. ज्यानें चाळीस वर्षें यंत्र चालविलें आहे त्यास उत्तम सॉफ्टवेअर दिलें तर त्याच्या विवेकास पंख फुटतात. ज्यानें एकदांही हत्यार मोडलेलें ऐकलें नाहीं त्यास तेंच दिलें तर विवेक उगवण्यापूर्वींच त्याची गरज नाहींशी होते. एकच साधन एकास पोषक आणि दुसऱ्यास घातक असूं शकतें. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'कॅमवर्क्स' नांवाचें एक सॉफ्टवेअर आहे. तें अनेक वर्षें जिऑमेट्रिक या मुंबईच्या कंपनीचें होतें, व तिचा बहुतेक व्यवसाय २०१७ मध्यें एचसीएल टेक्नॉलॉजीजकडे गेला. त्यांत, अमुक आकाराच्या भोंकास किंवा खळग्यास आपल्या कारखान्यांत कोणतें हत्यार व कोणता वेग लावतात, हें नोंदवून ठेवण्याची सोय आहे, आणि पुढें तसा आकार दिसला कीं सॉफ्टवेअर तीच रीत सुचवितें. ती नोंद जर कारखान्यांतल्या जाणत्या माणसानें स्वतः केली असेल, तर तें ज्ञान परकें नव्हे. तें त्याचेंच, केवळ वहींत उतरलेलें. पण कारखानदारानें ती वही कोरीच सोडली आणि विकणाऱ्यानें भरून दिलेले आंकडे जसेच्या तसे चालविले, तर मालकास साधनाचा दोष देतां यावयाचा नाहीं.

तिसरी कसोटी मालकीची. ऑटोडेस्क कंपनीचें फ्यूजन ३६० हें सॉफ्टवेअर वैयक्तिक उपयोगासाठीं फुकट मिळत असे, आणि जगभरच्या हौशी कारागिरांनीं आपलीं कामें त्यावर उभारलीं होतीं. सप्टेंबर २०२० मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, १ ऑक्टोबरपासून फुकट परवान्यांत हवेंतल्या जलद गतीचे हुकूम निघणार नाहींत, हत्यारें आपोआप बदलण्याची सोय राहणार नाहीं, तीनांहून अधिक अक्षांचें काम होणार नाहीं, आणि एका वेळीं दहाच आकृत्या संपादनास खुल्या राहतील. कोणाच्याही यंत्राचा एक खिळाही सैल झाला नव्हता. तरी पुष्कळांचीं यंत्रें एका दिवसांत मंद झालीं. कंपनीनें अन्याय केला असें आम्ही म्हणत नाहीं. जें फुकट दिलें त्यास मर्यादा घालण्याचा तिला अधिकार होता. परंतु घेणाऱ्यांनीं ज्यास आपलें हत्यार समजलें होतें तें वास्तविक उसनें होतें, हें त्यांस त्या दिवशीं कळलें. पैसे भरून वर्षाच्या भाड्यानें घेतलेल्या साधनाची गोष्टही तत्त्वतः हीच. उलट फ्रीकॅडसारखें मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा आरंभ २००२ मध्यें झाला आणि १.० ही आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें निघाली. त्यांतही टूलपाथ आंखण्याचा विभाग आहे, आणि दिलेलें तें कोणासही परत घेतां येत नाहीं. महाग सॉफ्टवेअरांची सफाई त्यांत सर्वत्र आढळणार नाहीं, शिकण्यास कष्टही अधिक पडतील; पण मालकी म्हणजे काय याचा धडा त्यांत मिळतो. मालकीचा आणखी एक पदर आहे. मास्टरकॅम हें जुनें व प्रसिद्ध सॉफ्टवेअर करणारी कंपनी २०२१ मध्यें सँडविक या कापण्याचीं हत्यारें करणाऱ्या स्वीडिश उद्योगानें विकत घेतली. यांत लबाडी आहे असें नव्हे; परंतु सल्ला देणारा आणि माल विकणारा एकाच घरचे झाले म्हणजे गिऱ्हाइकानें आपला कान थोडा अधिक जागा ठेवावा, हें आमच्या पेठेंतला वाणीही सांगेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. 'हें सर्व पगारी प्राध्यापकाचें तत्त्वज्ञान झालें. यंत्रावर बँकेचें कर्ज आहे, महिन्याच्या महिन्यास हप्ता भरावयाचा आहे, गिऱ्हाइकाला माल शनिवारीं पाहिजे. अशा माणसानें ज्ञान कोणाच्या घरीं आहे हें पाहत बसावें काय?' याचें उत्तर असें कीं, गरजू माणसानें हलकें साधन घेऊन नुकसान सोसावें असा उपदेश आम्ही करीत नाहीं. ज्या साधनानें शनिवारीं माल तयार होतो तें त्यानें खुशाल घ्यावें. कामगारांचे पगार वेळेवर देणें हाही धर्मच आहे. परंतु कर्जांत असलेल्या माणसासच परावलंबनाचा झटका सर्वांत कठीण बसतो, हें विसरून चालणार नाहीं. ज्याच्या गांठीस चार पैसे आहेत तो सॉफ्टवेअर बदलूं शकतो. ज्याच्या सर्व आकृत्या, सर्व हुकूम आणि एकमेव प्रोग्रामरचें सर्व शिक्षण एकाच भाड्याच्या खुंटीस बांधलेलें आहे, तो भाडें वाढलें तरी हलूं शकत नाहीं. म्हणून जो विवेक आम्ही सांगतों तो श्रीमंताचा विलास नसून गरिबाचें संरक्षण आहे.

आणि त्याला खर्चही फारसा नाहीं. प्रत्येक भागाची आकृति, सर्व सॉफ्टवेअरें वाचूं शकतील अशा स्टेप या सामान्य स्वरूपांत आपल्याच संगणकावर ठेवावी. यंत्रावर प्रत्यक्ष यशस्वी ठरलेले हुकूम, हत्याराचें वर्णन आणि वेग यांसह, जपून ठेवावे. नव्या मुलानें आठवड्यांतून एका तरी भागाचे फेरे व गति आधीं स्वतः काढावी, मग सॉफ्टवेअरनें काय काढलें तें पाहावें, आणि दोहोंत अंतर कां पडलें हें वडील कारागिरास विचारावें. तें अंतर समजलें तर सॉफ्टवेअर त्याचा गुरु झालें. न विचारतांच तो पुढें गेला तर तें त्याचा मालक झालें. हा भेद सॉफ्टवेअरच्या किंमतीवर अवलंबून नाहीं.

वाचक म्हणतील, आमच्या घरांत यंत्रकारखाना नाहीं, मग आम्हांस याचें काय? परंतु ज्यास कारखान्यांत टूलपाथ म्हणतात तशी एक आंखून दिलेली वाट आतां प्रत्येक धंद्यांत शिरली आहे. हिशेबनिसास ताळेबंद तयार मिळतो, वैद्यास निदान सुचविलें जातें, विद्यार्थ्यास निबंध लिहून मिळतो. आणि प्रत्येक ठिकाणीं खालीं सही मात्र माणसाचीच असते. ती सही खरी ठेवावयाची तर जें आपण दुसऱ्याच्या बुद्धीनें करवून घेतों त्यांतला बेसूर ओळखण्याइतकी बुद्धि आपल्या घरीं शिल्लक ठेवली पाहिजे. किती ठेवावी याचें एकच माप सर्वांस लागू पडणार नाहीं. शिकाऊ मुलाचें वेगळें, निष्णात कारागिराचें वेगळें, शनिवारच्या मालाची घाई असलेल्या मालकाचें आणखी वेगळें. हें माप विक्रेत्याच्या पत्रकांत छापलेलें नसतें. तें ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें. निवडीचा तेवढा भाग कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हातीं सोंपवितां येत नाहीं, आणि तो सोंपवितां येत नाहीं म्हणूनच अशा साधनांच्या निवडीस आम्ही नीतीचा प्रश्न म्हटलें आहे.